तळाला भोक नसलेली जीप

भिवतासचा धबधबा कसा आहे, असं मला अजूनही लोक विचारतात. आम्ही तो पाहायला निघालो होतो हे नाशिकमध्ये पुष्कळांना माहीत आहे, कारण निघण्याआधी आमच्या यजमानांनी ते पुष्कळांना सांगितलं होतं. धबधबा मी पाहिलेला नाही. तिकडे जाऊन काय पाहिलं, ते मात्र सांगते.

नाशिक

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. विनायकराव, म्हणजे आमचे यजमान, सातपूरच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. त्यांनी लिलावातून एक जुनी जीप आणली. डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी, चारी चाकांना जोर असलेली. तिचा तळ इतका गंजला होता की घरी आणताना पायाखालचा रस्ता दिसत होता. शेजारच्या काकू वाकून बघून म्हणाल्या, "हवेशीर आहे."

त्या एका शब्दाने विनायकराव पेटले. तळाला नवे पत्रे जोडले, तारेच्या ब्रशने गंज खरवडला, लाल प्रायमर मारला आणि मग ते कोटिंग आलं. कारखान्यातल्या जमिनीवर ओततात तसलं, दोन डब्यांचं. एकात दाट काळं, दुसऱ्यात पातळ पिवळं. दोन्ही एकत्र केलं की भराभर फासायचं, नाहीतर भांड्यातच दगड होतो. हे आमच्या दुधाच्या पातेल्यावर सिद्ध झालं. वर रबराचा चुरा भुरभुरला, पाय घसरू नये म्हणून. कोटिंग तळावरून कडेने चांगलं वीतभर वर चढवलं.

अशा गाड्यांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. विनायकराव म्हणाले, "भोक म्हणजे गंजाचं माहेर," आणि ती बुजवली. मागचा फाळका उघडतो तिथे फट असते. त्या फटीत जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर बसवलं आणि त्याच्यावरूनही कोटिंग ओढलं.

"अहो, मग फाळका उघडणार कसा?"

"उघडायचा कशाला? बाजूने चढता येतं."

त्या दिवसांत आमच्या मोरीतून खालच्या मजल्यावर पाणी गळत होतं. खालचे लोक दर रविवारी तक्रार घेऊन वर येत. विनायकराव त्यांना जीपपाशी नेत, मागच्या हौद्यात बादलीभर पाणी ओतत आणि खाली वाकून बघायला लावत. "आहे एक थेंब?" नसायचा. बिचारे कौतुक करून घरी जात आणि आपल्या बादल्या बदलत.

कोटिंगवर चपला घालून चढायला बंदी होती. मी विचारलं, "टिकाऊ आहे ना? मग चपला का काढायच्या?"

"टिकाऊ आहे म्हणूनच टिकवायचं."

तेवढ्यात पुण्याहून त्यांची मोठी बहीण, आमच्या शरूताई, चार दिवस राहायला आल्या. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या, पक्क्या शाकाहारी. खालच्या बिऱ्हाडात बोंबील तळतात म्हणून त्यांनी एकदा चांगली जागा सोडली होती. शेजाऱ्यांना सगळं दाखवून झालं होतं, त्यामुळे विनायकरावांना नवा प्रेक्षक हवाच होता. श्रावण लागला होता, डोंगर हिरवे झाले होते. पेठला मुक्काम करून सुरगाण्याकडे जायचं, भिवतास पाहायचा, परत यायचं, असं ठरलं.

सावळघाट ते पेठ

रामशेजचा किल्ला मागे पडेपर्यंत सगळं छान होतं. शरूताई मागच्या बाकावर, चपला पिशवीत. सावळघाटाला लागलो आणि पाऊस आडवा आला. जीपला बाजूचे पडदे होते, पण विनायकरावांचं सगळं लक्ष पाणी खालून येऊ नये यावर असल्यामुळे पडद्यांच्या बटणांकडे कुणी पाहिलं नव्हतं. पाणी दोन्ही बाजूंनी आत आलं.

"बघ ताई," विनायकराव मागे न बघता ओरडले, "खाली एक थेंब जात नाही!"

"तेच म्हणतेय मी, विनू. ते जाणार कुठून?"

चढाला सगळं पाणी मागे गेलं आणि शरूताईंनी पाय वर घेतले. उताराला ते पुढे आलं आणि माझे पाय बुडले. ब्रेक मारला की लाट यायची. शरूताईंची पिशवी तरंगत पुढे आली, चपलांसकट. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे पुण्यात रिक्षा गळते. पण निदान दोन्हीकडून गळते."

करंजाळीला चहाच्या टपरीवर थांबलो. गरम कांदाभजी खाल्ली आणि मग तिघांनी मिळून पेल्यांनी जीप उपसली. टपरीवाला भजी तळता तळता बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "बोट हाय का?"

विनायकराव त्याला कोटिंग समजावून सांगायला गेले. तोवर आमच्या भज्यांची दुसरी प्लेट करपली.

पेठला सरकारी विश्रामगृहात राहिलो. तिथल्या आचाऱ्याने नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी वाढली. खुरासणी म्हणजे आपलं कारळंच, पण इथे तिला अधिक मान. शरूताईंनी आधी चटणी बोटावर घेऊन वास घेतला, मग तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि "पुण्यात हे मिळत नाही" असं म्हणाल्या. पुण्यात काहीतरी मिळत नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. विनायकराव मात्र जेवतानाही उठून खिडकीतून जीप बघत होते.

बाऱ्ह्याच्या रस्त्यावर

सकाळी त्यांनी साबणाच्या पाण्याने हौदा धुतला, फडक्याने पुसला आणि आम्हाला आत बसवलं. पेठवरून बाऱ्ह्याकडे जाणारा रस्ता डोंगरांच्या कडेकडेने जातो. खाली खाचरांत आवणी चालली होती. बायका ओळीने वाकून भाताची रोपं लावत होत्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधलेले. मधूनच एखादीच्या पाठीवर पानांचं इरलं. पावसाची एक सर येऊन गेली आणि हौद्यात पुन्हा पाणी साठलं. आता आम्ही न सांगताच पाय वर घेतले.

एका वळणावर पिकअप गाडी कलंडून उभी होती. मागचा एक्सल तुटला होता. भोवती सात-आठ बायका होत्या. त्यांच्यातली एक, उंच, काळीसावळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिने हात वर केला नव्हता. ती फक्त उभी होती.

त्या जमनाबाई. पुढच्या पाड्यावरच्या बचतगटाच्या पुढारी. पिकअपमध्ये माशांचं बीज होतं, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्यांना बोटुकली म्हणतात. पाणी आणि हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ती पहाटे बांधून आणलेली. एक्सल तुटला तेव्हा गाडी दगडावर आपटली, फळीचा खिळा वर आला आणि बऱ्याच पिशव्या फाटल्या. बायकांनी होत्या नव्हत्या त्या हंड्यांत आणि डब्यांत मासे धरले होते, पण एवढ्याशा पाण्यात इतके मासे मावत नव्हते. ते वर येऊन तोंडं उघडत होते.

"पाड्याचं तळं आमच्या गटानं ठेक्यानं घेतलंय," जमनाबाई म्हणाल्या. "मागल्या साली बीज मेलं. यंदा बी नाय पडलं तर तळं दुसऱ्याला जाईल. बाहेरचा माणूस वाटच बघतोय."

"मागच्या वर्षी कसं मेलं?" मी विचारलं.

"घाई केली. आणलं न् तसंच फेकलं. पिशवीतलं पाणी गरम, तळ्याचं गार. सगळं पांढरं होऊन वर आलं."

विनायकराव म्हणाले, चांगल्या पिशव्या जीपमध्ये घेऊ, हंडे मांडीवर धरू. हे बोलणं चाललं असताना जमनाबाई जीपच्या बाजूला गेल्या आणि आत वाकल्या. हौद्यात सकाळच्या सरीचं पाणी उभं होतं. त्यांनी त्यात हात घातला, तळ चाचपला, कोपरे चाचपले.

"ह्यात पाणी थांबतं?"

एवढे दिवस विनायकराव ज्या प्रश्नाची वाट पाहत होते, तो हा. त्यांची छाती फुगली. "थेंब गळत नाही!"

"मंग ह्यातच टाकू."

त्यांचा चेहरा मला कधी विसरता येणार नाही. ज्या कोटिंगवर बायकोने चपला घालायच्या नाहीत, त्यावर मासे. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी वाकून हौद्याचा वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"अजून वास येतोय," ते हळू आवाजात म्हणाले.

"अहो, तुम्हीच म्हणत होता, पोराला यात जेवायला वाढा इतकं निर्धोक आहे."

"म्हणत होतो." ते जमनाबाईंकडे वळले. "वरून वाळलंय, पण आत पूर्ण मुरलंय की नाही, मला माहीत नाही. शिवाय सकाळी मी साबण लावलाय. यात तुमचे मासे मरू शकतील."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. 'मला माहीत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

जमनाबाई हंड्यांकडे बघत राहिल्या. "इथं ठेवले तरी मरणारच, भाऊ. थोडे टाकून बघू."

मग कामाला लागलो. रस्त्याच्या कडेने ओढा वाहत होता. बायकांनी हौदा रिकामा केला, ओढ्याचं पाणी ओतून खळखळून धुतला, पुन्हा उपसला, पुन्हा धुतला. साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत विनायकराव गुडघ्यांवर बसून हाताने तळ घासत होते. त्यांच्या पायात बूट होते, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग ताजं पाणी भरलं आणि जमनाबाईंनी ओंजळभर बोटुकली त्यात सोडली.

बाकावर पाय वर घेऊन शरूताई बसल्या होत्या. पाण्याच्या सगळ्यात जवळ त्याच होत्या, त्यामुळे राखणीचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. नाकाला पदर लावून त्या बातम्या सांगू लागल्या.

"सगळे कोपऱ्यात गेलेत... आता फिरतायत... एक उलटला. विनू, एक उलटला!"

विनायकराव रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. बाकीच्या बायका आपसात त्यांच्या कोकणा आदिवासी बोलीत काहीतरी कुजबुजत होत्या. आम्हाला त्यातलं कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती.

"अजून उलटाच आहे," शरूताई म्हणाल्या. आणि मग त्यांनी पदर सोडला, हात पाण्यात घातला आणि त्या माशाला बोटाने हळूच ढकललं. "हल रे, बाबा. हल."

त्यांनी त्याला पुन्हा एकदा ढकललं.

"सरळ झाला! विनू, सरळ झाला! बघ, पळाला!"

पिकअपचा ड्रायव्हर पोपट एवढा वेळ चाकाशी डोकं धरून बसला होता. तो उठला आणि हंडे उचलायला लागला.

पाड्याकडे

जीपच्या मागच्या भागाला हौदा म्हणतात. त्या दिवशी हौद्याचा हौद झाला. बोटुकली काळ्या तळावर इकडून तिकडे चमकत होती. धड राहिलेल्या पिशव्या बाकांवर रचल्या. जमनाबाई आणि शरूताई मागे, पाय पाण्यात सोडून. मी पुढे, मांडीवर हंडा. बाकीच्या बायका गाडीबरोबर चालत.

विनायकराव एरवी जीप अशी चालवतात की मला रस्त्यावरचा प्रत्येक दगड दुसऱ्या दिवशीही आठवतो. त्या दिवशी त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, अभिषेकाचं तामण हातात धरल्यासारखी गाडी नेली. खड्डा दिसला की आधी थांबत, मग चाक हळूच उतरवत. चालणाऱ्या बायका पुढे जात आणि आमच्यासाठी थांबून राहत.

"भाऊ, पाणी डावीकडं चाललं!" जमनाबाई मागून सांगत.

"विनू, हळू! लाट आली!" शरूताई.

पाण्यात हवा राहावी म्हणून जमनाबाई तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत सोडत होत्या. त्यांचा हात दुखायला लागला तसा शरूताईंनी आपल्या पिशवीतून स्टीलचा पेला काढला आणि त्याही सुरू झाल्या. हाच पेला त्या पुण्याहून बरोबर आणत, परक्या भांड्यातलं पाणी प्यायला लागू नये म्हणून. मी मागे वळून पाहिलं तर दोघी समोरासमोर बसून, चहा गार करावा तसं हौद गार करत होत्या.

"ताई, तुमच्यात मासं खात नाय ना?" जमनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग तुम्हाला वास येत असंल."

"येतोय," शरूताई म्हणाल्या आणि पेला पुन्हा बुडवला.

एका उतारावर गाडी घसरली आणि हौद्यातलं बरंच पाणी पुढे येऊन माझ्या पायाशी आलं, माशांसकट. ब्रेकच्या पट्टीखाली मासे वळवळत होते.

"पाय कुठे ठेवू?" विनायकराव ओरडले.

"ब्रेकवर!" मी ओरडले. "पण हळू!"

मी वाकून, हंडा कुशीत धरून, एका हाताने त्यांच्या बुटाजवळचे मासे मागे ढकलत होते. त्या क्षणी आमच्या घरची मोरी, ती तक्रार, ते रविवार, सगळं मला फार क्षुल्लक वाटलं. नंतर घरी गेल्यावर तसं वाटलं नाही.

तळं

तळं लहानसंच होतं, तीन बाजूंना भात आणि एका बाजूला बांध. पाऊस थांबला होता. विनायकरावांनी जीप उलटी घेऊन मागची चाकं पाण्यात घातली. बायकांना वाटलं, आता मासे जातील. जमनाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. तळ्यातलं एकेक तांब्या पाणी हौद्यात घालत राहिल्या, थांबल्या, पुन्हा घातलं. मागच्या वर्षीचं पांढरं झालेलं तळं त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. बायका कंटाळून खाली बसल्या, तरी त्यांनी घाई केली नाही.

मग त्या म्हणाल्या, "आता खोला."

फाळका उघडेना. उघडणारच नव्हता. फ्रिजचं रबर आणि वरून दोन हात कोटिंग. पोपटने ओढून पाहिलं, बायकांनी लाथा घालून पाहिल्या. हंड्याने उपसायला सुरुवात केली तर मासे हंड्याखाली चिरडू लागले. जमनाबाईंनी लगेच थांबवलं आणि कमरेचा विळा काढला.

"भाऊ, हे कापावं लागंल."

विनायकरावांनी हात पुढे केला. "द्या. मी कापतो."

ते तळ्यात मांडीभर पाण्यात उतरले आणि फाळक्याची फट चिरायला लागले. कोटिंग तुटेना. विळा सटकत होता, कपाळावर घाम आला होता. मी काठावरून म्हटलं, "फारच टिकाऊ आहे हो." मला वाटलं चिडतील. ते कापता कापता हसायला लागले आणि मग त्यांना थांबावं लागलं, कारण हसताना विळा धरता येत नाही. शेवटी एक बाजू सुटली, मग दुसरी. त्यांनी खालची कडी ओढली.

फाळका धाडकन पडला. सगळं पाणी त्यांच्या छातीवर आलं, आणि पाण्याबरोबर चकाकत, एकमेकांवरून उड्या मारत, सगळे मासे गेले. क्षणभर पाण्यावर शहारा आल्यासारखं झालं. मग तळं पुन्हा गप्प झालं.

आम्ही सगळे बघत राहिलो. पांढरं काही वर येतंय का, ते. काही मासे मेले होते, वाटेतच मेले होते, ते तरंगले. बाकी काही आलं नाही. जमनाबाई बराच वेळ काठावर उकिडव्या बसून होत्या. मग त्यांनी गुडघ्यात तोंड घातलं. बाकीच्या बायका त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

शरूताई जीपमध्ये रांगत होत्या. बाकाखाली, पेडलमागे राहिलेली पिल्लं त्या पेल्यात गोळा करत होत्या. पेला घेऊन त्या स्वतः पाण्यात उतरल्या, पातळ भिजवत, आणि तो हळूच तिरका केला.

जमनाबाईंच्या घरी जेवलो. भात, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. शरूताईंसाठी वेगळं काही करावं लागलं नाही. भिवतासला जायला वेळ उरला नव्हता आणि कुणी विषयही काढला नाही. निघताना जमनाबाई म्हणाल्या, "चैतात या. तवा हाताएवढं व्हत्याल."

"येईन," शरूताई म्हणाल्या. मग जरा घुटमळून, "पण त्या दिवशी जाळं टाकू नका."

जमनाबाई खदखदून हसल्या. "पाव्हणी येणार म्हून मासं तळ्यातच ठिवू काय?"

चैत्रात शरूताई पुण्याहून खरंच आल्या. आम्ही गेलो तेव्हा जाळं टाकलेलं होतं. बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून ते ओढत होत्या, आणि मोठमोठे रुपेरी मासे टोपल्यांत पडत होते. शरूताई बांधावर बसून सगळं बघत राहिल्या. एकदा त्यांनी डोळे पुसले. मग उठल्या, पदर खोचला आणि भरलेल्या टोपलीची एक कडी जमनाबाईंबरोबर धरून ती बांधावर चढवली. जेवायला त्यांनी वरणभात घेतला.